जोडल्यानेही ऊर्जा आणि फोडल्यानेही ऊर्जा : हा हिशेब जुळतो कसा?

रानमोगरा
चवथीच्या सुटीत माझी मुलगी बारावीच्या भौतिकशास्त्राचे पुस्तक घेऊन गणपतीवरच्या माटोळीखाली बसली होती. तिने तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

तिचे म्हणणे असे. सूर्यात हायड्रोजनची केंद्रके एकत्र येऊन हेलियम तयार होतो आणि ऊर्जा बाहेर पडते. इथून जवळच, कारवारपलीकडे कैगाच्या अणुभट्टीत युरेनियमचे केंद्रक दुभंगते, आणि तिथेही ऊर्जाच बाहेर पडते. "मग आई, हेलियम जोडायचा, परत फोडायचा, पुन्हा जोडायचा, आणि दोन्ही वेळा ऊर्जा घ्यायची, असे का करत नाहीत?" असे फुकट काही मिळत नाही एवढे मला कळते, पण नेमके कुठे अडते, ते मला सांगता आले नाही.

दुसरी अडचण माझी स्वतःची आहे. पुस्तकात बंधनऊर्जा म्हणजे केंद्रक फोडण्यासाठी लागणारी ऊर्जा, असे लिहिले आहे. जी ऊर्जा लागते, तीच बाहेर कशी पडते? मी वाणिज्य शाखेची आहे, त्यामुळे समीकरणांपेक्षा शब्दांत समजावले तर माझ्यापर्यंत अधिक पोहोचेल.

वाळवंटीकाठ
आइन्स्टाइनचे सूत्र हेच याचे उत्तर आहे. दोन्ही प्रक्रियांत थोडे वस्तुमान नाहीसे होते आणि त्याची ऊर्जा होते. प्रकाशाच्या वेगाचा वर्ग प्रचंड असल्यामुळे थोड्या वस्तुमानाची पुष्कळ ऊर्जा मिळते.

खाजन
वाळवंटीकाठ यांचे विधान चूक नाही, परंतु ते ऊर्जा किती मिळाली हे सांगते. ती का मिळाली, हे सांगत नाही. काडेपेटीतली काडी पेटली तरी तिचे वस्तुमान त्याच सूत्रानुसार घटते, फक्त ती घट कोणत्याही तराजूवर दिसणार नाही इतकी सूक्ष्म असते. सूत्र म्हणजे खतावणी आहे. व्यवहार कोणी केला, हे वेगळे शोधावे लागते. मी अनेक वर्षे उच्च माध्यमिक वर्गांना हा धडा शिकवला आणि बहुतेक मुले नेमकी इथेच घोटाळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रानमोगराताई, आधी तुमची दुसरी अडचण घेऊ. परसातल्या विहिरीत कळशी पडली, तर पडताना ती आवाज करते, पाणी उसळवते. म्हणजे ऊर्जा बाहेर टाकते. ती वर काढायची असेल, तर तेवढीच ऊर्जा आपल्याला रहाट ओढून भरावी लागते. बंधनऊर्जा म्हणजे त्या विहिरीची खोली. केंद्रकात साठवून ठेवलेली ती पुंजी नव्हे. कण एकत्र येताना बाहेर गेलेली ती रक्कम आहे, आणि त्यांना पुन्हा सुटे करायचे असेल तर ती परत भरावी लागते. म्हणून ज्याची बंधनऊर्जा जास्त, ते केंद्रक अधिक खोल आणि अधिक स्वस्थ. ऊर्जा मिळते ती उथळ जागेवरून खोल जागी जाताना.

आता आकडे पाहू. केंद्रकातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या दोघांनाही मिळून न्यूक्लिऑन म्हणतात. दोन हायड्रोजन अणू आणि दोन सुटे न्यूट्रॉन यांचे वस्तुमान अणुवस्तुमानाची ४.०३२९८ एकके भरते. त्यांपासून बनलेला हेलियमचा अणू मात्र ४.००२६० एककांचाच असतो. ही तूट २८.३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेएवढी आहे. (पुढे मी या एककाला एमईव्ही म्हणेन.) चार न्यूक्लिऑनांत ती वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७.१ एमईव्ही खोली येते. ड्यूटेरियममध्ये, म्हणजे जड हायड्रोजनमध्ये, ही खोली अवघी १.१ आहे, लोखंडात ८.८, आणि युरेनियममध्ये पुन्हा कमी होऊन ७.६.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या चार आकड्यांत आहे. तळ लोखंडापाशी आहे. हायड्रोजन एका काठावर उंच बसला आहे आणि युरेनियम दुसऱ्या काठावर, त्याच्याइतका उंच नसला तरी तळाच्या वर. हलकी केंद्रके जोडली की ती तळाकडे सरकतात, जड केंद्रके फोडली की तीही तळाकडेच सरकतात. हेलियम पुन्हा फोडणे म्हणजे कळशी वर ओढणे. जोडताना जेवढे मिळाले, तेवढेच फोडताना भरावे लागेल आणि हाती शून्य उरेल.

अबोली
खाजन सर, हे फार स्पष्ट झाले. पण तळ लोखंडापाशीच का? जोडत गेल्यावर खोली वाढतच का जात नाही?

खाजन
अबोलीताई, केंद्रकात दोन बले एकमेकांशी झगडत असतात. केंद्रकीय बल अतिशय प्रबल आहे, पण त्याची पोच तोकडी. लगतच्या कणापलीकडे ते जवळजवळ जाणवत नाही. विद्युत प्रतिकर्षण त्यामानाने दुबळे आहे, पण ते लांबवर पोहोचते.

चवथीच्या फुगडीत हात शेजारणीचाच धरता येतो. फेर दहा जणींचा असो वा चाळीस जणींचा, प्रत्येकीचे हात दोनच. केंद्रकीय बल असे आहे. लहान केंद्रकात बहुतेक कण कडेला असतात, त्यांना शेजारी कमी मिळतात, म्हणून नवा कण आला की सर्वांची पकड घट्ट होते. केंद्रक मोठे झाले की आतल्या कणाला जितके शेजारी मिळायचे तितके मिळून चुकतात. प्रोटॉन मात्र केंद्रकातल्या उरलेल्या प्रत्येक प्रोटॉनला ढकलत असतो, आणि युरेनियममध्ये असे ९२ प्रोटॉन आहेत. घट्टपणा एका मर्यादेला थांबतो आणि ढकलाढकल वाढत राहते. या दोहोंचा तोल लोखंडाच्या आसपास साधतो.

काणकोणकर
मी अणुऊर्जेच्या क्षेत्रात तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे, म्हणून विखंडनाची, म्हणजे केंद्रक फोडण्याची, बाजू थोडी जवळून सांगतो. आमच्या भागातले पुष्कळ लोक कैगाचे नाव काढले की काहीतरी जळते आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणतात. तिथल्या २२० मेगावॅटच्या भट्ट्यांत वापरतात तो इंधनाचा जुडगा जेमतेम अर्ध्या मीटर लांबीचा असतो. झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या १९ बारीक नळ्या गोलाकार जुडीत बांधलेल्या असतात आणि प्रत्येक नळीत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या एकापुढे एक ओळीने भरलेल्या असतात. प्रशिक्षणाच्या वेळी त्याची प्रतिकृती मी दोन्ही हातांत धरली होती. एवढ्याशा वस्तूतून इतकी उष्णता येते कशी, हा प्रश्न मलाही तेव्हा पडला होता.

ती येते ती अशी. न्यूट्रॉन शिरल्यावर युरेनियम-२३५ चे (हा आकडा म्हणजे त्यातल्या न्यूक्लिऑनांची संख्या) केंद्रक लांबट होते, मध्ये आवळले जाते आणि तुटते. तुटल्याक्षणी दोन्ही तुकडे केंद्रकीय बलाच्या तोकड्या पोचेबाहेर जातात, आणि मग विद्युत प्रतिकर्षणाला अडवणारे कोणी उरत नाही. ते तुकडे प्रचंड वेगाने एकमेकांपासून दूर फेकले जातात. एका विखंडनातून सुमारे २०० एमईव्ही मिळतात आणि त्यांपैकी सुमारे १७० या तुकड्यांच्या गतीतच असतात. गोळीच्या आत एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे अंतर जाईपर्यंत ते आजूबाजूच्या अणूंवर आदळून थांबतात. ती धडकच उष्णता होते. पुढचे सारे, म्हणजे वाफ, टर्बाइन आणि जनित्र, औष्णिक केंद्रासारखेच असते.

उरलेल्या ऊर्जेचा काही भाग नंतर हळूहळू बाहेर पडतो, कारण ते तुकडे स्वतः अस्थिर असतात. त्यामुळे साखळी प्रक्रिया, म्हणजे एका विखंडनातून सुटलेल्या न्यूट्रॉनांनी पुढची विखंडने घडवत जाणे, पूर्ण थांबवली, तरी त्या क्षणी भट्टीत मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होतच असते आणि ती काढून घ्यावीच लागते. २०११ साली फुकुशिमात भट्ट्या वेळेवर बंद झाल्या होत्या. त्सुनामीमुळे ही मागून येणारी उष्णता काढण्याची सोय बंद पडली आणि अनर्थ झाला. कैगाबद्दल काळजी करणाऱ्यांनी आणि तिचे समर्थन करणाऱ्यांनीही ही गोष्ट नीट समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

सुरंगी
काणकोणकर यांनी जे सांगितले, ते पहिल्यांदा कोणाला उमगले, हे इथे सांगितलेच पाहिजे. १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांना न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडला. बेरियमचे केंद्रक युरेनियमच्या निम्म्याहून थोडे मोठे, त्यामुळे ते तिथे आले कसे, हे कोणालाच कळेना. हान यांनी हे लिझे माइटनर यांना पत्राने कळवले. त्या हान यांच्या अनेक वर्षांच्या सहकारी होत्या, पण ज्यू कुळातल्या असल्यामुळे त्यांना त्याच वर्षी जर्मनीतून निसटून स्वीडनला जावे लागले होते.

नाताळात त्यांचा भाचा ओटो फ्रिश त्यांना भेटायला आला. तो स्कीवर आणि त्या पायी, असे दोघे बर्फातून फिरायला निघाले आणि एका झाडाच्या ओंडक्यावर बसून कागदाच्या कपट्यांवर हिशेब करू लागले. दोन तुकडे परस्परांना ढकलतील तर किती ऊर्जा मिळेल? उत्तर आले सुमारे २०० एमईव्ही. मग माइटनर यांनी वस्तुमानाचा हिशेब केला. तुकड्यांचे एकत्र वस्तुमान मूळ केंद्रकापेक्षा सुमारे एक पंचमांश प्रोटॉनाएवढे कमी भरत होते, आणि आइन्स्टाइनच्या सूत्राने त्याचीही ऊर्जा २०० च्या आसपासच निघाली.

वाळवंटीकाठ आणि खाजन सर यांच्यातला मुद्दा मला या प्रसंगामुळे कळला. कारणाच्या वाटेने जा किंवा खतावणीच्या वाटेने जा, आकडा एकच येतो. नोबेल पुरस्कार हान यांना एकट्यांना मिळाला. तो हिशेब ज्यांनी केला, त्या माइटनर यांना तो कधीच मिळाला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

वाळवंटीकाठ
माझी चूक ध्यानात आली. खतावणी आणि व्यवहार यांतला फरक मी यापूर्वी असा पाहिला नव्हता. पण या चर्चेत लोखंडाचे नाव आल्यापासून माझ्या मनात वेगळेच चालू आहे. माझे वडील लोहखनिजाच्या बार्जीवर होते. आमच्या अंगणातली माती, पावसाळ्यात ओढ्याला येणारे लाल पाणी, आईने कितीही धुतले तरी वडिलांच्या सदऱ्यावर राहणारा तांबूस डाग, हे सगळे लोखंडच. ते लोखंड म्हणजे दोन्ही उतारांचा तळ, जिथून पुढे जोडूनही काही मिळत नाही आणि फोडूनही काही मिळत नाही, हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

मोठ्या ताऱ्यांच्या पोटात हेच घडते, असे मी वाचले. संमीलन, म्हणजे केंद्रकांची जोडणी, करत करत गाभा लोखंडाशी पोहोचला की ऊर्जा संपते, गाभा स्वतःच्या भाराखाली कोसळतो आणि ताऱ्याचा स्फोट होतो.

तिसवाडी
वाळवंटीकाठ, आपले लिखाण आवडले. एक दुरुस्ती मात्र नोंदवतो, कारण ही गोष्ट पुष्कळ पुस्तकांतही ढोबळपणे लिहिलेली असते. दर न्यूक्लिऑनामागे सर्वांत घट्ट बांधलेले केंद्रक लोखंड-५६ नसून निकेल-६२ आहे. निकेल-६२ चा आकडा ८.७९४५ एमईव्ही आणि लोखंड-५६ चा ८.७९०३, म्हणजे फरक अगदी अल्प आहे. विश्वात लोखंड-५६ विपुल आहे, कारण ताऱ्यांत निकेल-५६ तयार होतो आणि त्याचा ऱ्हास होऊन, म्हणजे ते अस्थिर केंद्रक आपोआप बदलत जाऊन, आधी कोबाल्ट-५६ आणि मग लोखंड-५६ बनते. तळाचा भाग सपाट आहे आणि लोखंड त्या सपाटीवर आहे, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

मांडवीपार
माझा एक साधा प्रश्न आहे. विखंडनातून २०० एमईव्ही मिळतात, आणि ड्यूटेरियम व ट्रिटियम (हायड्रोजनचाच त्याहून जड प्रकार) यांच्या संमीलनातून १७.६, असे मी वाचले. मग संमीलन अधिक शक्तिशाली, असे सगळे का म्हणतात?

खाजन
मांडवीपार, प्रश्न साधा नाही, महत्त्वाचा आहे. ते २०० एमईव्ही २३६ न्यूक्लिऑनांनी (युरेनियम-२३५ चे २३५ आणि आत शिरलेला एक न्यूट्रॉन) मिळून दिलेले असतात, म्हणजे प्रत्येकी सुमारे ०.८५. ते १७.६ मात्र केवळ पाच न्यूक्लिऑनांनी दिलेले असतात, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३.५. त्यामुळे एक किलो इंधन घेतले तर संमीलन चौपट देते. विखंडनाला कमी लेखायचे मात्र कारण नाही. एक किलो युरेनियम-२३५ चे पूर्ण विखंडन झाले, तर सुमारे ३,००० टन कोळसा जाळल्याएवढी उष्णता मिळते.

मुलीला आणखी एक ताळा करून पाहायला सांगा. विखंडनाच्या तुकड्यांची खोली दर न्यूक्लिऑनामागे सुमारे ८.५ असते आणि युरेनियमची ७.६. फरक ०.९. त्याला २३५ ने गुणले की उत्तर २०० च्या जवळ येते. माइटनरबाईंचा आकडा असा तिच्याही वहीत उतरेल.

मांडवीपार
आभारी आहे. मग अडते कुठे? समुद्राच्या पाण्यात ड्यूटेरियम आहेच, आणि समुद्र तर आमच्या दाराशी आहे.

तिसवाडी
अडते ते केंद्रके जवळ आणण्यात. दोन्ही केंद्रके धनभारित असल्यामुळे एकमेकांना ढकलतात, आणि केंद्रकीय बलाच्या पकडीत येण्यासाठी त्यांना अगदी खेटून यावे लागते. विखंडनात हा अडसर नसतो, कारण न्यूट्रॉनावर विद्युतभार नसतो. तो संथ गतीनेही केंद्रकात सहज शिरतो. कैगाच्या भट्टीत जड पाणी, म्हणजे ड्यूटेरियमचे पाणी, न्यूट्रॉनांना मुद्दाम संथच करते.

सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे, आणि तेवढ्यानेही हा अडसर ओलांडला गेला नसता. पुंजयामिकीनुसार (क्वांटम मेकॅनिक्सनुसार) कणाला तो अडसर पार न करता त्याच्या आरपार जाण्याची थोडी शक्यता असते. त्या थोड्या शक्यतेवर सूर्य चालतो. त्यातही प्रोटॉन-प्रोटॉन ही पहिली पायरी इतकी मंद आहे की गाभ्यातला एक घनमीटर जेमतेम पावणेतीनशे वॅट देतो. बागेतल्या कुजणाऱ्या पाल्याच्या ढिगाची उष्णता त्याच पंक्तीत बसेल. सूर्य तेजस्वी आहे तो त्याच्या अवाढव्य आकारामुळे. एका सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन तिथे खर्ची पडतो आणि सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने निघून जाते. पृथ्वीवर तेवढा आकार मिळणार नाही, म्हणून तापमान दहापट वाढवावे लागते. फ्रान्समध्ये भारतासह अनेक देश मिळून उभारत असलेल्या ईटर या संमीलनाच्या यंत्रात ते १५ कोटी अंश असावे, अशी योजना आहे, आणि त्या यंत्राला वेढणारे क्रायोस्टॅट हे महाकाय पात्र भारताने दिले आहे. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य हे संमीलनाच्या संशोधनाचे यंत्र तर १९८९ पासून आहे.

५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत लेसरच्या साहाय्याने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा इंधनाची गोळी असलेल्या लक्ष्यावर टाकून ३.१५ मेगाज्यूल मिळवण्यात आली, ही गोष्ट खरोखर मोठी आहे. मात्र ते लेसर चालवण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती, हेही त्याच वाक्यात सांगायला हवे.

अबोली
हेलियमचा विषय निघालाच आहे, तर आपल्या कोकणाचे नाव यायला हवे. माझे आजोळ विजयदुर्गाजवळ आहे. लॉकियर साहेबांनी १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात त्या किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो.

तिसवाडी
अबोलीताई, त्या दिवसाचा अभिमान योग्य आहे, पण तपशील थोडा वेगळा आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी जान्सन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूर येथून ते ग्रहण पाहत होते. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेषा टिपली. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडले, आणि रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञांना तो सापडला युरेनियमच्या खनिजात.

हा योगायोग नव्हता. हेलियमचे केंद्रक इतके घट्ट बांधलेले आहे की युरेनियमसारखे जड केंद्रक हलके होऊ पाहते, तेव्हा सुटे प्रोटॉन न टाकता हेलियमचे अख्खे केंद्रकच बाहेर टाकते. ते २८.३ एमईव्ही इथेही उपयोगी पडतात.

रानमोगरा
तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री आम्ही दोघींनी सगळे प्रतिसाद पहिल्यापासून वाचले. फोडणे आणि जोडणे या दोन वेगळ्या जादू नसून तळाकडे जाण्याच्या दोन वाटा आहेत, हे मला कळले, आणि लागणारी ऊर्जा बाहेर कशी पडते, हा माझा गोंधळ विहिरीच्या उदाहरणाने पूर्ण मिटला. मुलीने तो गुणाकार केला; तिचे उत्तर २११.५ आले.

आता तिचा नवा प्रश्न आहे. सगळे तळाकडेच जाते, तर युरेनियमला दुसऱ्या काठावर चढवले कोणी?

खाजन
तिला माझ्यातर्फे शाबासकी द्या. ते चढवण्याचे काम ताऱ्यांच्या अखेरीस घडणाऱ्या उत्पातांत होते. तिथे न्यूट्रॉनांचा असा वर्षाव होतो की केंद्रकाला ऱ्हास पावायला सवड मिळण्याआधीच ते एकामागून एक न्यूट्रॉन गिळत जाते आणि जड होत जाते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या, आणि त्यानंतर दिसलेल्या प्रकाशात अशी जड मूलद्रव्ये तयार होत असल्याच्या खुणा मिळाल्या. त्या चढणीची किंमत गुरुत्वाकर्षणाने भरली होती. काणकोणकर यांनी वर्णन केलेल्या जुडग्यातून आज जी उष्णता निघते, ती पृथ्वी जन्मण्याआधी कोसळलेल्या कुठल्यातरी ताऱ्याची आहे. त्यातले युरेनियम-२३८ आपोआपही तळाकडे निघालेलेच आहे, फक्त ते निम्मे व्हायला सुमारे ४५० कोटी वर्षे लागतात.

आणखी एक सांगतो. पुस्तकातला बंधनऊर्जेचा आलेख लोखंडापाशी वर चढलेला दाखवतात, त्यामुळे मुलांना लोखंड शिखरावर आहे असे वाटते आणि सगळा अर्थ उलटा होतो. तिने आलेख काढला असेल, तर कागद एकदा उलटा धरून पाहायला सांगा.

रानमोगरा
धरून पाहिला. लोखंड तळाला आले. युरेनियमकडची बाजू शेताच्या उतारासारखी लांबट दिसते, आणि ड्यूटेरियमच्या १.१ वरून हेलियमच्या ७.१ पर्यंतचा उभा कडा पाहून ती म्हणाली, "आई, हा तर दूधसागर."